तेल्याच्या घरी तेल

आत्या टांग्यातून उतरली तेव्हा बाबा घाण्यावर होते. पिशव्या, ट्रंक, छत्री सगळं टांग्यातच ठेवून तिनं आधी एक डबा उतरवून घेतला. चौकोनी, हिरव्या पत्र्याचा, कडीला सुतळी गुंडाळलेला. तो दोन्ही हातांत धरून ती अंगणभर चालत आली आणि बैलाच्या वाटेच्या बाहेर, बाबांच्या पायांशी, तिनं तो ठेवला.

"हन्नू," ती म्हणाली, "तुझ्यासाठी आणलंय."

बाबांनी बैल थांबवला. घाण्याची कुरकुर थांबली की आमचं अंगण एकदम कान टवकारल्यासारखं व्हायचं. पोफळीचं झावळं हललं तरी ऐकू यायचं.

"काय आहे?"

"तेल. जैतुनाचं. ऑलिव्ह म्हणतात ते."

बाबा डब्याकडे बघत राहिले. मग आईकडे वळून, जणू आत्या तिथं नाहीच, असं म्हणाले, "पाहुणीबाईंना विचार, तेल्याच्या घरी तेल घेऊन आल्यात, तर कोळ्याच्या घरी काय नेणार? बोंबील?"

आई हसली नाही. मीही हसले नाही. आत्या मात्र हसली, आणि ते हसू तिच्या ओठांवर नुसतंच राहून गेलं, अंगणात कुणी उचलून न घेतलेल्या पाटासारखं.

आम्ही थळकर, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाडीत आमचा बैलघाणा होता. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. आमच्यातली बहुतेक घरं तोवर इस्राएलला निघून गेली होती. सिपोरा आत्याही माझ्या जन्माच्या आधीच गेलेली. जाताना बहीणभावांत काहीतरी बिनसलं, एवढंच मला ठाऊक. बाबा तिचं नाव घेत नसत. आई मात्र दळताकांडताना तिच्या ओव्या म्हणायची आणि शेवटी सांगायची, "ही तुझ्या आत्याची." मी त्या ओव्यांवर वाढले. माणूस न बघता त्याच्या आवाजावर जीव जडावा, तसं माझं झालं होतं. म्हणून लग्न ठरलं तेव्हा मी बाबांना एकच मागितलं, आत्याला बोलवा. मेंदीचं पहिलं बोट तिचं, आणि लग्नाला ती माझ्या शेजारी उभी हवी.

बाबांनी बोलावलं. बोलेन असं मात्र कबूल केलं नव्हतं.

"हे तेल माझ्या घरात कुणाच्या तोंडात जाणार नाही," त्यांनी त्या संध्याकाळी जाहीर केलं. "माझ्या घाण्याचं खोबरेल आहे, तिळाचं आहे. परक्या तेलाची गरज लागावी इतके वाईट दिवस आलेले नाहीत."

"मग टाकून देऊ?" आईनं विचारलं.

तेल टाकणं म्हणजे तेल्याला पाप. बाबा थोडे घुटमळले. "टाकू कशाला? तोंडात सोडून कुठंही वापरा."

झालं. आईनं ते शब्द अगदी मनावर घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा मागच्या दाराची बिजागरी गप्प झाली. ती आमच्या घरातली सगळ्यांत तोंडाळ बाई होती. मग विहिरीचा रहाट. मग लग्नासाठी फणस फोडायला बसलेल्या बायकांनी विळ्यांना आणि हातांना तेच तेल चोपडलं, चीक चिकटू नये म्हणून. आईच्या बोटातली अंगठी, जी काढायला सोनाराकडे जायचं चाललं होतं, ती एका थेंबात सुळकन निघाली आणि चुलीमागं जाऊन पडली. बैलाची शिंगं चकाकली. बाबांच्या कातडी वहाणा इतक्या मऊ झाल्या की त्यांचा पाय त्यात नेहमीसारखा वाजेना, आणि ते स्वतःच मागं वळून बघायला लागले, आपणच चालतोय ना म्हणून.

शेजारच्या जनाकाकू नातवाला कमरेवर घेऊन वाटी पुढं करत आल्या. "सिपू, घाल गो थोरासा. अलिबागला औषधाच्या दुकानात एवरीशी बाटली देतान, आन् पैसं मात्र सोन्याचं मागतान. पोराला अंघोळीआधी चोलीन."

"घे की. पण जना, तिकडं हे आम्ही खातो."

"पोराच्या अंगाचा तेल?" जनाकाकूंनी नातवाकडे असं पाहिलं, जणू कुणी त्यालाच फोडणी घालणार आहे.

"खातो. गोडातसुद्धा घालतो."

"गोरात!" जनाकाकू मटकन पायरीवर बसल्या. "दावशील तं खरा मानीन."

आत्यानं ते आव्हान पदरात बांधून घेतलं. आमच्या लग्नाचं जेवण मटणाचं. मटणाबरोबर दुधातुपाचं काही चालत नाही, म्हणून आमच्याकडचं गोड नारळाच्या रसातलं असतं. आत्या म्हणाली, मी माझ्या पद्धतीचं गोड करून दाखवते, त्यालाही तूप लागत नाही. बाबा आतून आईला म्हणाले, "तिला सांग, माझ्या चुलीवर नाही."

तेव्हा आत्या आमचाच टोप घेऊन जनाकाकूंच्या अंगणात गेली. रवा, साखर, अंडी, लिंबाची किसलेली साल आणि हिरवंपिवळं ते तेल, धार धरून. ते मिश्रण ढवळताना तिचा हात मोठे, सावकाश वळसे घेत होता. टोपावर झाकण, झाकणावर निखारे, खाली निखारे. वर साखरेचा पाक, तोही लिंबाचा. झाकण उघडलं तेव्हा गल्लीतली कोंबडीसुद्धा कुंपणावर चढली.

मी खाल्लं. बाबांच्या घरात नाही, जनाकाकूंच्या पायरीवर बसून खाल्लं, म्हणजे हुकूम मोडला नाही. आधी लिंबू लागलं, मग गोड, आणि मग अगदी मागून, पाहुणा जाता जाता दारात थबकून काहीतरी बोलून जावा तशी, एक हिरवी, किंचित कडवट चव.

"आईशप्पत," जनाकाकू म्हणाल्या, "पोराला चोलाचा तेल वाया गेला गो माझा!"

आत्या एक वडी केळीच्या पानावर घेऊन घाण्याकडे गेली. मी तिच्या मागून. बाबा पेंड काढत होते.

"एक घास, हन्नू."

बाबांनी वर पाहिलं नाही. "पाहुणीबाईंना सांग, माझं पोट भरलंय," ते मला म्हणाले.

आत्या पान घेऊन परत फिरली.  संध्याकाळी माझी वेणी घालताना म्हणाली, "मिल्का, तुझ्या मेंदीला पहिलं बोट मी लावीन. पण लग्नाला मी थांबत नाही बाळ. लग्नाच्याच दिवशी, रविवारी सकाळच्या एसटीनं मुंबईला जाते."

मी मान वळवली. "का?"

"ज्या घरात माझ्या हातचा घास चालत नाही, त्या घरच्या मांडवात मी मानाची आत्या म्हणून मिरवू कशी? लोक विचारतील, आणि मला हसत उत्तर द्यावं लागेल. हसून हसून गाल दुखायला लागलेत माझे."

"बाबा खातील."

"एसटी सुटायच्या आत खाल्लं तर थांबेन," ती म्हणाली आणि वेणीचा शेवटचा पेड घट्ट आवळला.

शुक्रवारी दिवेलागणीला आईनं शब्बाथच्या काचेच्या दिव्यात आत्याचं तेल घातलं. दिवा काही तोंड नव्हे. वात लागली आणि ज्योत न फडफडता उभी राहिली, धुराची रेघही नाही. बाबा ज्योतीकडे फार वेळ बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. ते बोललेच, पण आईशी. "वात कापसाची नीट वळलीयेस आज."

शनिवार असा मऊ पावलांनी गेला. तारे दिसल्यावर मेंदी झाली. आत्यानं पहिलं बोट लावलं. बायका गात होत्या, जनाकाकू सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. मी मात्र सकाळच्या एसटीचा विचार करत होते. हातभर मेंदी आणि डोळ्यांत पाणी, आणि पुसायला हात मोकळा नाही.

रविवारी सकाळी आत्याची ट्रंक ओटीवर आली. तेवढ्यात आतून बाबांची हाक, हाक कसली, किंकाळीच.

त्यांची मान धरली होती. लग्नाची तपेली त्यांनी स्वतःच हलवली होती, कुणाला हात लावू दिला नव्हता. आता ते खाटेवर बसले होते आणि त्यांचं तोंड एकाच दिशेला, भिंतीकडे.

"दुपारी व्याही येतायत," ते भिंतीला म्हणाले. "त्यांच्याशी काय पाठ करून बोलू?"

"तेल चोळायला हवं," आई म्हणाली. "पण माझे हात मसाल्यात आहेत. मानेला लागलं तर नाचाल. मिल्का, तू चोळ."

मी दोन्ही तळवे पुढे केले. मेंदी केव्हाच वाळली होती, पण मी हात धुतले नव्हते. "माझे कसे चालतील? रंग उतरेल."

"मग जनाबाईला बोलाव."

"छे!" बाबा म्हणाले. "ती माझी मान मोडून नातवाच्या हातात देईल."

ओटीवर आत्या ट्रंकेवर बसलेली होती. तिचे दोन्ही हात मोकळे होते. सगळ्या घरात तेवढेच.

"बाबा," मी म्हणाले, "तोंडात सोडून कुठंही, असं तुम्हीच म्हणाला होतात. मान काही तोंड नाही."

बाबांनी भिंतीचा एक पोपडा नखानं खरवडून काढला. शेवटी ते म्हणाले, "लवकर कर म्हणावं. एसटी चुकायची."

आत्या आली. तिनं वाटीत तेल घेतलं, तळव्यात कोमट केलं आणि बाबांच्या मानेवर हात ठेवला. बाबा दचकले, मग खांदे हळूहळू खाली आले. मी दाराशी उभी राहिले.  हात फिरायला लागला की ओठ फिरायला लागतात, ही बायकांची जुनी सवय. तिच्या ओठांतून ओवी निघाली, मी कधीच न ऐकलेली:

*समुद्राच्या गं पल्याड झाड हिरव्या फळाचं,*
*तेल आणिते भावाला माझ्या हाताच्या बळाचं.*

ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणणार तोच बाबा बोलले.

"हाताच्या बळाचं म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे?"

"विकत आणलेलं तेल हाताच्या बळाचं कसं होईल?"

आत्याचा हात थांबला. "विकत आणलेलं? हन्नू, तुला काय वाटलं, बाजारातून डबा उचलला आणि तुझ्या पायाशी आणून ठेवला? मी काढलेलं तेल आहे ते."

बाबांनी वळायला पाहिलं आणि कळ आल्यामुळे पुन्हा भिंतीकडे झाले. "तू काढलेलं?"

"आमच्या वस्तीत तेलाचा घाणा आहे. मी तिथंच काम करते. आधी फळं निवडायचे. मग त्यांचा घाणेवाला म्हातारा झाला. मी म्हटलं, मी तेल्याची मुलगी आहे, मला करू द्या. त्यांनी दिलं."

खोलीत मसाल्याचा वास आणि तेलाचा वास एकमेकांत मिसळत होते. आईही हातातली परडी तशीच धरून दारात आली होती.

"इथून जाताना तू म्हणालीस," बाबा हळू बोलले, "इथं माझं काय आहे? हा घाणा, ही वाडी, मी, सगळं तुला काहीच वाटलं नाही. ते मी विसरलो नाही."

"मी तसं म्हणाले, खरंच. पण का म्हणाले ते तू कधी विचारलंस?" आत्याचा आवाज ओवीतून अजून पुरता बाहेर आला नव्हता. "लहानपणी बैलामागं फिरणाऱ्या घाण्याच्या फळीवर तू बसायचास. मी नुसती एकदा चढले, तर आप्पा काठी घेऊन धावले. म्हणाले, पोरीनं घाण्यावर बसायचं नसतं, तेल आटतं. तू फळीवर बसून हसत होतास. मला तेलाच्या वासावरून कळायचं, तीळ किती तापलाय, पेंड कधी सोडायची. पण माझं काय होतं इथं? वास तेवढा माझा. म्हणून गेले. आणि पहिलं चांगलं तेल निघालं तेव्हा वाटलं, हे जगात एकाच माणसाला दाखवायचंय. दुसऱ्या कुणाला काय कळणार?"

 बाहेर रस्त्यावर भोंगा वाजला. तो एसटीचा होता की ट्रकचा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग बाबांनी हात मागं नेला, मानेवरचं तेल एका बोटानं निपटलं आणि बोटांत चोळून वास घेतला.

"दगडाचा घाणा की लाकडाचा?"

"दगडाचा. उभा दगड फिरतो."

"बिया काढून?"

"बियांसकट."

"बियांसकट!" बाबांच्या आवाजात पहिल्यांदा तेली जागा झाला. "मग पेंडीचं काय करता?"

"जाळतो. बटाटे भाजतो त्यावर."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी बंद. तिथंही बंदच."

"हं," बाबा म्हणाले. ते 'हं' सगळ्या घरानं ऐकलं. "लेआ, गूळ आण."

नवं तेल निघालं की बाबा गुळाच्या खड्यावर थेंब टाकून जिभेवर ठेवायचे. गोडाआड तेल लपत नाही, असं ते म्हणायचे. आईनं गूळ आणला. बाबांची बोटं तेलानं माखलेली, मान भिंतीकडे. आत्यानं गुळाचा खडा वाटीत बुडवला आणि पुढं वाकून त्यांच्या तोंडात घातला.

आम्ही सगळ्या बाबांच्या गालाकडे बघत होतो. गाल हलला. थांबला. पुन्हा हलला.

"कडू आहे," बाबा म्हणाले.

आत्याचा चेहरा उतरला.

"आणि मागून घशात झोंबतं. ताजं आहे. चोख आहे." त्यांनी घोट गिळला. "बाय, त्या दिवशीची ती वडी उरलीय का?"

त्यांनी तिला बाय म्हणताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आत्यानं पदर तोंडाला लावला. बघायला मीच जनाकाकूंकडे धावले आणि हात हलवत परत आले. शेवटचा तुकडा नातवानं सकाळी खाल्ला होता.

"मग कर पुन्हा," बाबा भिंतीला म्हणाले. "जास्त कर. पाहुण्यांना जेवणात तेच गोड. आणि चूल माझी वापर. जनाबाईच्या अंगणात का म्हणून?"

निखारे वर, निखारे खाली. टोपात रवा फुगत होता तेव्हा एसटी वाडीसमोरून गेली. आत्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, ती मोठे सावकाश वळसे घेत दुसरा घाणा ढवळत होती. टोपातला घाणा, पण वळसे बैलाच्या घाण्याचेच.

दुपारी मला पांढरी साडी नेसवली. वऱ्हाड पेणहून आलं, मोटारीतून उतरलं, सरबत घेऊन झालं. सिनेगॉगला निघायची वेळ झाली. आणि बाबा कुठं दिसेनात, आत्याही दिसेना.

"नवरीचा बाप कुठाय?" सासरे विचारायला लागले. एलिजर, माझा होणारा नवरा, फुलांचा हार सावरत ओटीवर उभा होता, त्यालाही घाम फुटला होता. आई घरभर शोधून आली.

तेवढ्यात अंगणाच्या टोकाकडून ओळखीची कुरकुर ऐकू आली.

आम्ही सगळे तिकडं धावलो. घाण्याला बैल जुंपलेला होता. फळीवर आत्या बसली होती, रेशमी साडी गुडघ्यापर्यंत सावरून, एका हातात कासरा. बाबा नव्या टोपीत, मान अजून थोडी वाकडीच, बैलामागून चालत होते आणि बहिणीला हाकायचं कसं ते सांगत होते. सांगायची काही गरज नव्हती. आत्या गात होती:

*चाल बैला गोल गोल, जाणं नाही दूरदेशी,*
*फिरून फिरून वाट भावाच्या गं अंगणाशी.*

"या बाई कोण?" सासऱ्यांनी विचारलं.

"माझी बहीण," बाबा चालता चालताच म्हणाले. "तेली आहे."

सासरे काही बोलायच्या आत मी पुढं झाले. वहाणा काढल्या, निऱ्या उचलल्या. मागून आई ओरडली, "मिल्के, पांढरी साडी! तेल लागेल!" आत्या बाजूला सरकली. फळी दोघींपुरती होती.

मी बाबांकडे पाहिलं. आप्पांची, म्हणजे माझ्या आजोबांची, ती काठी अजून तिथंच, भिंतीला टेकलेली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग वऱ्हाडाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"नीट धरून बस," ते म्हणाले आणि बैलाच्या पाठीवर हलकेच थाप मारली.